एक मामा, तोही लांबचा

रविवार, २ मे १९७१. नगर.

शाळेला सुट्टी लागली. आता महिनाभर कोणाला लसावि शिकवायचा नाही या आनंदात बसलो होतो, तेवढ्यात बालकाश्रमातून निरोप आला. चांगुणाला बघायला मंडळी आली आहेत, मास्तरांनी ताबडतोब यावं.

बघायला म्हणजे नावापुरतंच. पसंती त्या दोघांनी आपापसात केव्हाच उरकली आहे. मुलगा राधाकृष्ण, श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात काट्यावर कारकून. चांगुणा त्याच कारखान्याच्या वसाहतीत बालवाडी चालवते, सध्या सुट्टीत आश्रमात आली आहे. मुलगी कोणाची, कुठली, जात काय, असले प्रश्न घरात निघाले तेव्हा हा मुलगा म्हणाला म्हणे, "लग्न लावून देता, की मळीच्या हौदात उडी टाकू?" मळीच्या हौदात पडलेली म्हैस बाहेर काढताना काय हाल होतात ते त्या गावाने एकदा पाहिलं आहे. प्रश्न तिथेच मिटले.

मुलाची आई लंकाबाई. ताठ, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा सोबत होता, पण तो सामानासारखा. बाईंनी आल्या आल्या अंगणाला फेरी मारली, कोठीघर पाहिलं, विहिरीत डोकावल्या आणि चटईवर बसून मला विचारलं, "मास्तर, पोरीला खरंच कोन न्हाई ना?"

मी म्हटलं, "कोणी नाही. चार महिन्यांची असताना इथे आली, ती इथेच वाढली."

"लई ब्येस झालं," लंकाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी खुलासा केला. थोरल्या सुनेचं माहेर त्याच गावात, मधे फक्त एक विहीर. "मी म्हनलं, आमटीत मीठ जास्त झालंय. तर हिचे पाच भाऊ येऊन आमच्या वट्यावर बसले. म्हनं, आना आमटी, आमी चाखतो! तवाच ठरावलं, दुसरी सून आनीन तर बिनमाहेरची."

पण मामा पाहिजे. मुलीला बोहल्यावर मामानेच आणायचं असतं, नाहीतर भाऊबंद नावं ठेवतील. "एक मामा द्या. एकच. त्यो बी लांबचा. लगीन लागलं की त्यानं पुन्यांदा तोंड दावायचं न्हाई. इथलं बी कुनी यायचं न्हाई, पोर बी इथं येनार न्हाई. दिवाळी न्हाई न पंचमी न्हाई. कबूल आसंल तर नारळ फोडा."

मी विचार केला. स्थळ चांगलं, मुलगा निर्व्यसनी, आणि मुलीने नव्या घरात रुळायचं तर जुन्या गोष्टी मागे पडलेल्याच बऱ्या. मी शब्द दिला. रंगनाथ मास्तर दिलेला शब्द मोडत नाही हे सगळ्या नगरला ठाऊक आहे. नारळ फुटला, चांगुणाने सगळ्यांना खोबरं वाटलं. तिला अटीबद्दल काही बोललो नाही. आनंदात होती.

घरी येऊन जेवण गेलं नाही. ऊन बाधलं असावं.

मंगळवार, ४ मे.

मामा कोण, याचा शांतपणे विचार केला.

आश्रमात मामांची कमतरता नाही. तो माझ्याच नियमाचा परिणाम. मी स्वयंसेवक म्हणून तिथे रविवारी गणित शिकवायला लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. लोक उत्साहाने येतात, मुलं त्यांना आई, बाबा म्हणायला लागतात, मग लोकांची बदली होते, नाहीतर उत्साह संपतो, आणि मुलं फाटकाला धरून रडत बसतात. म्हणून मी समितीत ठराव मांडला. स्वयंसेवक पुरुष सगळे मामा, बायका सगळ्या मावशा. त्यापलीकडे कोणी कोणाला काही म्हणायचं नाही. नियम उत्तम चालला. एक-दोन मुलांना सवय लागायला वेळ लागला, एवढंच. चांगुणा लहानपणी मला भलतंच काहीतरी म्हणायची. प्रत्येक वेळी "पुन्हा म्हण" असं सांगून मी दुरुस्त करून घेतलं. आठवडाभरात जमलं. हुशार मुलगी.

तर, मामा पुष्कळ आहेत. पण पुन्हा तोंड न दाखवण्याची अट पाळू शकेल असा मनाचा घट्ट माणूस एकच दिसतो, तो म्हणजे मी. बाकीचे चार दिवसांत पेरू घेऊन तिच्या दारात उभे राहतील.

पुष्पाबाईंना सांगितलं की मामा म्हणून मी उभा राहणार. पुष्पाबाई आश्रमात शिवण शिकवतात. त्यांचा वर्ग आणि माझा वर्ग यांत फक्त एक पडदा आहे, त्यामुळे गेली अठरा वर्षं दर रविवारी त्या मला ऐकताहेत. त्या मशीन थांबवून म्हणाल्या, "बरं झालं. जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलंत."

मी सांगितलं की मी काही मागितलेलं नाही, ही केवळ सोयीची बाब आहे. त्यांनी पुन्हा मशीन चालू केलं.

शुक्रवार, ७ मे.

लग्नात नवरीने मामाकडची पिवळी साडी नेसायची असते. म्हणून कापड बाजारात गेलो. मी आजवर साडी विकत घेतलेली नाही. दुकानदाराने पिवळ्या रंगाचे इतके प्रकार टाकले की डोळे दुखायला लागले. हळदी पिवळा, लिंबाचा पिवळा, शेवंतीचा पिवळा. मी विचारलं, "यातला धुतल्यावर कोणता टिकतो?"

"लेकीसाठी हाय का?" त्याने विचारलं.

"नाही. भाचीसाठी. खरं म्हणजे भाचीही नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि साडी कागदात बांधली. बारीक हिरव्या काठाची आहे. साधीच आहे. खोलीवर आणून ट्रंकेत ठेवली, मग बाहेर काढून पाहिली, पुन्हा ठेवली. दिवसभरात दुसरं काही काम झालं नाही.

रविवार, ९ मे.

सकाळी रंभाजी आला. गंजबाजारात त्याचं केशकर्तनालय आहे आणि आश्रमातल्या तमाम मुलांची डोकी त्याने फुकट कापली आहेत. बसला नाही, उभ्यानेच म्हणाला, "मास्तर, मामा मी हाय."

मी म्हटलं, "मामा सगळेच आहेत."

"तसं न्हाई. लग्नातला मामा. पोरीनं सोता शबूद दिलाय मला. डोस्क्यात उवा झाल्त्या तिच्या, तवा."

त्याला कसाबसा वाटेला लावतो तोच कानिफनाथ हजर. हा जुना पैलवान, आता टेम्पो चालवतो. मुलांना मल्लखांब याने शिकवला. त्यालाही शब्द दिलेला होता, ती मल्लखांबावरून पडली तेव्हा. दुपारी छगन पेटीवाला आला. त्याला 'सारेगम' पाठ होईना तेव्हा दिला होता. म्हणजे तिला पाठ होईना. संध्याकाळपर्यंत माझ्या दाराबाहेर चपलांची रांग लागली. एकूण नऊ जण निघाले. कोणी साखरेची गाडी सोडून आला होता, कोणी राहुरीहून सायकलीवर.

आश्रमात जाऊन चांगुणाला जाब विचारला. ती गव्हाच्या कुरडया घालत होती. म्हणाली, "दिलाच होता सगळ्यांना. ते विचारायचे ना, तुझ्या लग्नात मामा कोण गं? मी म्हणायची, तुम्हीच. मग रंभाजीमामा कात्री हळू चालवायचे."

"आणि एवढ्या माणसांना कबूल केल्यावर पुढे काय होईल याचा विचार?"

"मला काय माहीत माझं लग्न होईल म्हणून!" ती हसायला लागली. मग म्हणाली, "तुम्ही मात्र कधी विचारलं नाहीत."

मी म्हटलं, असले बालिश प्रश्न मी विचारत नसतो.

कुरडईचा साचा फिरवता फिरवता तिने विचारलं, "मास्तरमामा, पंचमीला मला न्यायला मुराळी म्हणून तुम्ही याल ना? आमच्या वसाहतीतल्या सगळ्या बायकांना माहेरून कोणी ना कोणी न्यायला येतं. मी नुसती बघत बसायची."

"पंचमीला शाळा असते," मी म्हणालो.

परत येताना चपलेचा अंगठा तुटला. आजचा दिवसच वाईट.

बुधवार, १२ मे.

पुष्पाबाईंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा अट सांगून टाकली. कारणांसह, क्रमवार सांगितली. त्यांनी दोरा दाताने तोडला.

"म्हणजे तुम्ही तिचं माहेर विकून टाकलंत."

"विकलं नाही. एक पैसासुद्धा घेतलेला नाही."

"देवा!" त्या म्हणाल्या. मग, "तिला सांगा. आजच्या आज."

"लग्न मोडेल."

"मोडायचं की नाही ते तिला ठरवू दे. आणि तुमचं काय हो? तुम्हाला ती पुन्हा दिसणार नाही, हे तरी कळलंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, माझा प्रश्नच येत नाही. त्यावर त्या उठून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की आजपासून माझ्याशी बोलणार नाहीत. अठरा वर्षांत हे प्रथमच घडलं. पडद्यापलीकडून मशीनचा आवाज फार मोठा येत होता.

चांगुणाला सांगायला दोनदा गेलो. एकदा ती मेंदी वाटत होती, एकदा गात होती. परत आलो.

शनिवार, १५ मे.

मांडव पडला. उद्या गोरज मुहूर्त.

दुपारच्या एसटीने जामखेडहून उत्तमराव आणि सुमनबाई आले. यांची हकीकत विचित्र आहे. यांना मूल नव्हतं म्हणून फार पूर्वी त्यांनी चांगुणाला दत्तक घ्यायचं ठरवलं. ती तेव्हा सहाएक वर्षांची. कागद व्हायच्या आधी सवय व्हावी म्हणून घरी घेऊन गेले, आणि पंधरवड्याने परत आणून सोडली. नंतर त्यांनी आश्रमातलंच एक तान्हं बाळ दत्तक घेतलं. ती मुलगी, मुक्ता, आता मॅट्रिकला आहे. पण दर दिवाळीला चांगुणासाठी फराळाचा डबा यायचा तो आजवर चुकलेला नाही.

उत्तमरावांनी जाहीर केलं, "कन्यादान आमी करनार. आमी आई-बाप हाओत."

"पंधरवड्याचे," मी म्हणालो.

"मंग? पंधरवडा म्हंजी काय थोडा झाला का?"

कन्यादानाला जोडपं लागतं आणि दुसरं जोडपं नाही, म्हणून मी मान्यता दिली. सुमनबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मास्तर, पोर वाईट नव्हती वो. पर भाकरी हातात आन डोळं दाराकडं. एक घास जाईना तिला. म्हनलं, मरंल ही. परत आनली, तर फाटकातून जी पळत सुटली ती थेट तुमच्या पायाला मिठी. दोघांनी वढली तरी सुटंना."

मला तसं काही आठवत नाही. बहुधा मी वह्या तपासत असेन. धोतराला शेंबूड लागला होता, ते आठवतं.

संध्याकाळपर्यंत नऊ मामांनी नऊ पिवळ्या साड्या आणून कोठीघरात ठेवल्या. कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. प्रत्येकजण आपली साडी वर काढून ठेवत होता, त्यामुळे ढीग सारखा कोसळत होता. मी माझी साडी मुकाट्याने पुष्पाबाईंच्या शिवणाच्या खोलीत ठेवून आलो. आता तिचा उपयोग दिसत नाही. उशीचा अभ्रा तरी होईल.

सोमवार, १७ मे.

काल लिहिणं शक्य नव्हतं. जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहितो.

पुष्पाबाईंनी चांगुणाला नेसवून शिवणाच्या खोलीच्या दारात बसवलं. साडी पिवळीच होती, बारीक हिरव्या काठाची. नऊही मामा तिच्याकडे बघून आपापली साडी ओळखू लागले आणि कोणालाच ओळखू येईना. मलाही वाटलं, असला काठ कुठेतरी पाहिला आहे. पण पिवळ्या साड्या सगळ्या सारख्याच दिसतात.

वऱ्हाड कारखान्याच्या ट्रकमधून आलं. छगनने लाउडस्पीकर लावला होता. राधाकृष्ण बोहल्यावर उभा राहिला, गुरुजींनी अंतरपाट धरायला लावला आणि नेहमीप्रमाणे पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

नऊच्या नऊ उठले. रंभाजीने कानिफनाथला कोपर मारलं, कानिफनाथने त्याला उचलून बाजूला ठेवलं. छगन पेटीवरून उडी मारून आला. राहुरीचा सायकलवाला मांडवाच्या मेढीला अडखळला. सगळे फेटे बांधून होते आणि प्रत्येकाच्या काखेत कोठीघरातून परत आणलेली पिवळी साडी होती, पुरावा म्हणून.

"थांबा!" लंकाबाई ओरडल्या. "भटजी, थांबा वो! हे कोन म्हनायचे?"

"मामा," गुरुजी म्हणाले.

"कुनाचे?"

"मुलीचे."

"समदे?" लंकाबाई बोटं मोजू लागल्या आणि एका हाताची संपल्यावर त्यांचा चेहरा पडला. "नऊ? आवो, माज्या थोरलीला पाच हायेत तर आमचा वटा पुरंना! आन ही म्हनं अनाथ!"

सुमनबाई मदत करावी म्हणून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "व्हय वो ताई, आमी आई-बाप हाओत, पर पंधरवडाच."

"आई-बाप बी निघाले!" लंकाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "फसावलं! पोर अनाथ म्हून दावली आन भरल्या घरची गळ्यात मारत्यात. पोर अनाथ हाय ह्याचा पुरावा द्या, न्हाईतर ट्रक माघारी फिरावते."

मुलीकडच्यांवर मुलगी पोरकी नसल्याचा आरोप आजवर झाला असेल असं वाटत नाही. ट्रकवाल्याने खरोखरच इंजिन चालू केलं. चांगुणा शिवणाच्या खोलीच्या दारात उभी होती, मुंडावळ्यांच्या आड तोंड पांढरं पडलं होतं. काहीतरी करणं भाग होतं. मी माईक घेतला.

"मंडळी, शांत राहा. हा गैरसमज आहे. इथे जमलेल्यांपैकी कोणीही या मुलीचं कोणी नाही. हे रंभाजी. यांनी फक्त केस कापले. रक्ताचा संबंध आला असेल तर कात्री लागली तेवढाच. हे कानिफनाथ. यांनी मल्लखांब शिकवला, त्यावरून मुलगी पडली. हे छगन, पेटी शिकवायचे. मुलीला पेटी येत नाही." मामांचे चेहरे उतरत गेले, पण लंकाबाई मान डोलवायला लागल्या होत्या. पुरावा पटत होता. "हे उत्तमराव आणि सुमनबाई. कागद झालेले नाहीत. कायद्याने शून्य."

"आन तुमी?" लंकाबाईंनी विचारलं. "तुमी तरी कोन हाय तिचे?"

"मी," मी म्हणालो, आणि माईक बंद पडला.

छगन म्हणतो, माईक ठणठणीत होता, माझा श्वास पार कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत ऐकू जात होता. मला विजेतलं कळत नाही. एवढं खरं की 'मी तिचा कोणी नाही' हे एक वाक्य तेवढं बोलायचं राहिलं होतं, ते बोललो की लग्न लागत होतं. आणि ते बाहेर येईना.

"बोला की, मास्तर!" लंकाबाई म्हणाल्या. "शबूद दिलाय तुमी मला. लगीन लागलं की पोर पुन्यांदा इथं येनार न्हाई न इथलं कुनी तिकडं येनार न्हाई. नारळ फोडलाय तुमी."

चांगुणा एकटी चालत बोहल्यापर्यंत आली. मामाशिवाय. गुरुजी म्हणाले, हे शास्त्राला धरून नाही, पण त्यांचं कोणी ऐकलं नाही.

"माझं माहेर देऊन टाकलंत, मास्तरमामा?"

मी म्हटलं, "तुझ्या भल्यासाठी."

तिने मुंडावळ्या बाजूला केल्या. रडत नव्हती, हे फार वाईट होतं. "शब्द तुम्ही दिलात, तुम्ही पाळा. मी दिलेला नाही." मग लंकाबाईंकडे वळून म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या घरी नांदीन. मीठ जास्त झालं तर चार गोष्टी ऐकून घेईन. पण पंचमीला मी इथे येणार, आणि ही सगळी माणसं माझ्याकडे येणार. चालत असेल तर लग्न लावा. नसेल तर ट्रक चालूच आहे."

"चालतंय," अंतरपाटामागून राधाकृष्णचा आवाज आला.

"तू गप ऱ्हा!" लंकाबाई ओरडल्या. आणि मग त्यांचा बांध फुटला. "माहेर, माहेर! काय सोनं लागलंय माहेराला? मला न्हाई, तर मी काय मेले का? बापाच्या जिमिनीत वाटा मागितला, तवापास्नं एक भाऊ दारात आला न्हाई. पोराच्या लग्नाला सुदिक आला न्हाई. दर पंचमीला वट्यावर बसती आन रस्ता बघती. थोरलीचे पाच येत्यात, मला वाटतं त्यांच्या नरड्यात आमटी वतावी! आन ही पोर... ना आई ना बाप... आन हिला नऊ!"

माझ्या हातातला माईक त्यांच्या तोंडासमोरच होता. तो मात्र चालू होता. अख्ख्या गल्लीने ऐकलं.

कानिफनाथला बाईमाणसाचं रडणं बघवत नाही. तो पुढे झाला, काखेतली साडी लंकाबाईंच्या ओटीत ठेवली आणि म्हणाला, "आक्का, रडू नका. ही घ्या. पंचमीला मी येतो मुराळी म्हून. टेम्पोच आनतो."

रंभाजी मागे राहील कसा? त्यानेही साडी ठेवली. मग छगनने. मग रांगच लागली. तशाही त्या साड्यांचं दुसरं काही होणार नव्हतं. ढीग लंकाबाईंच्या हनुवटीला लागला आणि त्याच्यावर त्यांचं कुंकू तेवढं दिसू लागलं. त्या एकेकाचं तोंड बघत होत्या. मग पदराने नाक पुसून पहिला हुकूम सोडला, "आरं मंग उभं काय ऱ्हायलाय? मुहूर्त चाललाय! माज्या पोराच्या मागं मामा कोन हुबा ऱ्हानार?"

तिथे त्यांनी शेजारचा एक गृहस्थ उसना उभा केला होता. तो सुटल्यासारखा खाली उतरला आणि कानिफनाथ नवऱ्यामागे जाऊन उभा राहिला. बाकीचे नवरीमागे.

इथे माझ्या एक गंभीर गोष्ट लक्षात आली. हे नऊ जण नवरीच्या आईचे भाऊ आणि आता नवऱ्याच्या आईचेही भाऊ. म्हणजे दोघांच्या आया सख्ख्या बहिणी. म्हणजे नवरा-नवरी मावसभावंडं! असं लग्न होऊच शकत नाही. मी हे गुरुजींना सांगायला निघालो तोच पुष्पाबाईंनी माझी बाही धरली आणि चार दिवसांत प्रथमच माझ्याशी बोलल्या. "एक अक्षर बोललात तर तुमचं तोंड शिवीन."

नवरीच्या मागे आठ मामा दाटीवाटीने उभे होते. मधे एक जागा रिकामी ठेवलेली दिसली. चांगलं दिसत नव्हतं, म्हणून मी तिथे उभा राहिलो. मंगलाष्टकं झाली. नंतर उत्तमराव-सुमनबाईंनी कन्यादान केलं.

पाठवणीच्या वेळी चांगुणा सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. मला वाकून नमस्कार केला आणि ट्रकमध्ये चढली. एक शब्द बोलली नाही. मी ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत उभा होतो. मला फार वाईट वाटलं. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

गुरुवार, २० मे.

मांडवपरतणीसाठी आज सकाळी सगळे मामा टेम्पोतून चांगुणाला आणायला गेले. लंकाबाईही येणार असं कळलं. नऊ भाऊ घ्यायला आल्यावर त्या कशाला घरी बसतात? मला बोलावणं होतं. मी गेलो नाही. आश्रमातही गेलो नाही. मी दिलेल्या शब्दातून सुटलेलो नाही.

दुपारी दार वाजलं. चांगुणा. हातभर हिरव्या बांगड्या, नाकात नथ, उन्हाने लाल झालेली.

"तुम्ही का नाही आलात?"

"मी शब्द दिलेला आहे."

"आत्याबाईंनी तो परत घेतला. त्या आश्रमात माझ्या जुन्या खाटेवर झोपल्यात आणि घोरताहेत. स्वयंपाकघरात सांगून ठेवलंय, मी उठल्याबिगर आमटीला फोडणी देऊ नका."

"मला तसं रीतसर कळवलेलं नाही."

"आता कळवलं. सरका." ती आत आली. डबे उघडून पाहिले, साखर नाही म्हणून बोलली, चहाची भुकटी शिळी म्हणून बोलली, गुळाचा चहा केला. मी तिची क्षमा मागण्यासाठी तीन मुद्दे काढून ठेवले होते. पहिला सुरू केला तेवढ्यात ती जांभई देत म्हणाली, "नंतर. पहाटे उठून उठून डोळे मिटायला लागलेत माझे." कोपऱ्यातली सतरंजी तिने अंथरली, पदर तोंडावर घेतला आणि झोपली.

मला वाटलं, थोड्या वेळात उठेल. उन्हं उतरायला लागली तरी हलेना. मी घाबरलो. बाहेर आलो तर पुष्पाबाई जिना चढत होत्या.

"ती कधीची झोपली आहे," मी म्हणालो. "आजारी असेल का? डॉक्टरला बोलावू?"

त्यांनी दारातून डोकावून पाहिलं. "माहेरी आलेल्या मुली अशाच झोपतात. उठवू नका." आणि माझ्या शेजारी पायरीवर बसल्या.

कुल्फीवाला घंटा वाजवत आला, त्याला हात करून पुढे पाठवला. घरमालकांच्या बाई मिरच्या कुटत होत्या, त्यांना जाऊन विनंती केली. एवढ्यात कानिफनाथचा टेम्पो गल्लीत शिरला. मागे सगळे मामा, पुढे लंकाबाई, भोंगा अखंड चालू आणि वर लंकाबाईंच्या हाका. "चांगुणा, चल गं! निघायचं हाय! दिवस बुडायच्या आत पोचलं पायजे!"

मी अनवाणी पळत गेलो आणि टेम्पोसमोर दोन्ही हात आडवे करून उभा राहिलो.

"बंद करा ती गाडी," मी म्हणालो. "माझी मुलगी झोपलीय."

कानिफनाथने गाडी बंद केली.